मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तंबूचा प्रवास : गोव्यातील कुटुंबांसाठी

माझ्या पिढीतल्या कोणाही गोमंतकीयाला लहानपणच्या उन्हाळी प्रवासांविषयी विचारले, तर पाहिलेल्या स्थळांची वर्णने त्याच्या बोलण्यात फारशी येत नाहीत. अनमोडच्या चढावर इंजीन तापले तेव्हा झऱ्यावरून पाणी कोणी आणले, मच्छरदाणीची चौथी दोरी कोणत्या झाडाला बांधली होती, फेरीबोटीच्या रांगेत कोणाला पुढे पाठवले होते, हे मात्र तो बारीकसारीक तपशिलांसह सांगतो. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजी ते बेती हे अंतर फेरीबोटीने पार करावे लागे. मोठ्या माणसांना तो खोळंबा वाटे. मुलांना मात्र त्या रांगेत गाडीतून उतरायला मिळे, भाजलेले शेंगदाणे आणण्याचे काम मिळे आणि बोटीच्या खेपा मोजून आपली पाळी केव्हा येईल ते घरच्यांना सांगण्याची जबाबदारीही मिळे. प्रवासाच्या ज्या भागाला मुलांचा स्वतःचा हात लागलेला असतो तोच त्यांच्या मनात टिकतो, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्या मताला धरून केलेल्या आहेत.

कधी निघावे

गोव्यात सहावीपासून पुढच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष २०२५ पासून एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्यामुळे सगळ्या कुटुंबाला एकत्र मोकळा मिळतो तो मुख्यतः मे महिनाच. मोसमी पाऊस साधारणपणे ५ जूनच्या सुमारास गोव्यात येतो. परंतु वळवाच्या सरी मे महिन्याच्या उत्तरार्धात, कधी त्याच्याही आधी, विजांच्या कडकडाटासह कोसळू लागतात. तंबूत राहायचे असेल तर महिन्याचा पहिला पंधरवडा अधिक सोयीचा. उत्तरार्धात निघायचे ठरलेच, तर दुपारनंतर पूर्वेकडे सह्याद्रीच्या माथ्यावर ढग कसे जमतात यावर लक्ष ठेवावे आणि गडगडाट ऐकू येताच मुलांसह गाडीत जाऊन काचा बंद करून बसावे. विजा चमकत असताना मोकळ्या सड्यावर किंवा एकट्या उभ्या असलेल्या झाडाखाली थांबणे जिवावर बेतू शकते, आणि तंबूचे कापड विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही.

तिथीही पाहावी. मुले पाच-सहा वर्षांची असतील, तर पहिला मुक्काम पौर्णिमेच्या आसपास ठेवावा, म्हणजे रात्री तंबूबाहेर पाऊल टाकताना त्यांना भीती वाटत नाही. मुले मोठी असतील, तर अमावास्येच्या जवळपासचे दिवस निवडावेत. त्याचे कारण रात्रीविषयी लिहिताना येईलच.

तंबूसाठी जागा

गोव्यात तंबू उभारण्यास सर्वांत चांगली जागा म्हणजे नात्यातल्या किंवा ओळखीतल्या कोणाची तरी काजूची बागायत. मे महिन्यात काजूचा हंगाम सरत आलेला असतो. बोंडे वेचता यावीत म्हणून झाडांखालचे रान आधीच साफ केलेले असते. झाडे बुटकी आणि पसरट असल्यामुळे सकाळी उशिरापर्यंत सावली राहते. शिवाय घर हाकेच्या अंतरावर असल्याने विहिरीचे पाणी, शौचालय आणि अडीअडचणीला माणूस या तिन्ही गोष्टींची सोय होते. आमच्या लहानपणी तंबू कोणाकडेच नसे. ताडपत्री अंथरून तिच्यावर गोधड्या घालत आणि वर मच्छरदाणी टांगत. तेवढ्यानेही उघड्यावर झोपल्याचा आनंद पुरेपूर मिळे. आजही ज्या कुटुंबाने तंबू कधी वापरलेला नाही, त्याने पहिल्या वर्षी लांबचे बेत न करता आत्याच्या किंवा मावशीच्या बागायतीत एक रात्र काढावी, असे मी आग्रहाने सुचवीन. जमीन नात्यातली नसेल, तर भाटकाराची परवानगी आधी प्रत्यक्ष भेटून घ्यावी आणि जमीन कसणाऱ्या माणसालाही कल्पना द्यावी. रात्री अनोळखी उजेड दिसला की गावकऱ्यांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे.

कुळागर मात्र तंबूसाठी निवडू नये. माड-पोफळींच्या गारव्यात, पाटाच्या पाण्यात मुलांना दिवसभर खेळू द्यावे. पण रात्री तेथे ओल असते, डास असतात, आणि माडाखाली झोपणे धोक्याचेच आहे, कारण नारळ किंवा वाळलेली झावळी केव्हा पडेल याचा नेम नसतो. फणसाच्या झाडाखालीही मे महिन्यात तंबू नको. नदीच्या कोरड्या पात्रातील वाळू सपाट आणि मऊ असल्याने मोह होतो. तरीही तेथे मुक्काम करू नये, कारण वर घाटात वळीव कोसळला तर आपल्याकडे थेंबही न पडता पाणी अचानक वाढते.

अभयारण्यांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. बोंडला, कोटीगाव, मोले, नेत्रावळी आणि म्हादई ही अभयारण्ये गोव्याच्या पूर्व आणि दक्षिण भागात पसरलेली आहेत, आणि त्यांच्या हद्दीत परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. बोंडला, मोले आणि कोटीगाव येथे राहण्याची अधिकृत सोय आहे. आरक्षण मात्र सुट्टीच्या बरेच आधी करावे लागते. बोंडला गुरुवारी बंद असते, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात अनेक ठिकाणी वणवे पेटले आणि ते विझवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना उन्हाळ्यातल्या रानात काडी ओढण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. माझ्या लेखी तर मे महिन्यात गोव्याच्या रानात शेकोटी पेटवणे हा विषयच नसावा.

समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकण्याची कल्पना पुष्कळांच्या मनात प्रथम येते. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास कायद्याने बंदी असून त्यासाठी दंड होतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर सागरी कासवे अंडी घालतात. अंड्यांतून पिल्ले बाहेर येण्यास साधारणपणे दीड ते दोन महिने लागत असल्यामुळे उन्हाळ्यातही वाळूखाली घरटी असू शकतात. पिल्ले समुद्राच्या दिशेचा उजेड पाहून चालतात, आणि तंबूतल्या दिव्याने ती भरकटतात. म्हणून किनारा संध्याकाळपुरता ठेवावा, पोहण्यासाठी जीवरक्षक असलेली जागा आणि वेळच निवडावी, आणि मुक्कामाला आत वळावे.

सत्तरी तालुक्यातील जंगलालगतच्या गावांत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. हा आजार गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर हिवाळ्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत असतो, म्हणजे सुट्टीचे दिवस नेमके त्यात येतात. त्या भागात जायचे असल्यास आधी तेथील आरोग्य केंद्रात चौकशी करावी, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घालावेत, पाचोळ्यावर बसू देऊ नये, आणि रानातून आल्यावर मानेपासून घोट्यापर्यंत अंग नीट तपासून आंघोळ घालावी. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता लगेच कळवावे.

जांभ्यावर तंबू कसा रोवावा

दुकानात मिळणाऱ्या तंबूबरोबरच्या बारीक खुंट्या मऊ मातीसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे चार बोटे मातीखाली जांभा लागतो, आणि त्यावर खुंटी ठोकली की ती वाकते. माझे काका या बाबतीत फार पक्के होते. "खुंटी वाकली की ठोकत बसू नकोस, दगड आण," असे ते सांगत आणि आम्ही मुले दोन्ही हातांनी छातीशी धरून जांभ्याचे दगड आणत असू. ताडपत्रीच्या कोपऱ्यात लहान गुळगुळीत खडा ठेवायचा, कापड त्याच्याभोवती वळवून काथ्याच्या दोरीने त्याची मान आवळायची, आणि दोरीचे दुसरे टोक मोठ्या दगडाला दोन वेढे देऊन बांधायचे, असा त्यांचा क्रम असे; खड्यामुळे कापडाला भोक न पाडता दोरी घट्ट बसते आणि वाऱ्याने ताण आला तरी सुटत नाही. हीच युक्ती आजच्या तंबूलाही लागू पडते. दगड जवळपास नसतील अशा जागी चार रिकामी पोती बरोबर न्यावीत, त्यांत वाळू किंवा खडी भरून दोऱ्या त्यांना बांधाव्यात.

तंबू दुपदरी घ्यावा, म्हणजे आत जाळीचा आणि वर पावसाळी कापडाचा. मे महिन्यातल्या दमट रात्री एकपदरी तंबूत श्वासाचे बाष्प साचून सकाळी अंथरुणे ओली होतात. चार माणसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तंबूत प्रत्यक्षात दोन मोठी आणि एक लहान एवढीच माणसे सुखाने झोपतात. घरून निघण्यापूर्वी तो एकदा अंगणात किंवा गच्चीवर उभारून पाहावा, आणि ते काम मुलांकडूनच करून घ्यावे. मोठ्यांनी शेजारी उभे राहून फक्त विचारल्यावर सांगावे.

गाडी आणि रस्ता

एका दिवसात दोन-अडीच तासांपेक्षा अधिक प्रवास नको. आमच्या वडिलांचा हा नियमच होता आणि त्या काळच्या गाड्या पाहता तो सक्तीचाही होता. आता गाड्या चांगल्या झाल्या, रस्ते रुंद झाले, म्हणून एका दिवसात दांडेली गाठण्याचा बेत केला जातो आणि मुले मागच्या आसनावर झोपून जातात. त्यांना जागे ठेवील एवढाच रस्ता निवडावा.

गोव्यातून बाहेर पडण्याच्या वाटा मुलांना नकाशावर दाखवण्यासारख्या आहेत : मोल्यावरून अनमोड घाट, साखळीवरून चोर्ला घाट, बांद्यावरून सावंतवाडी आणि पुढे आंबोली, काणकोणकडे करमल घाट ओलांडून कारवार. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर असल्यामुळे किनाऱ्यावरील उकाड्यानंतर तेथील रात्र मुलांना पांघरूण ओढायला लावते, आणि हिरण्यकेशीचा उगमही तेथेच पाहता येतो. परंतु गोव्याबाहेर गेलेच पाहिजे असे मुळीच नाही. लहान मुलांच्या पहिल्या प्रवासासाठी मी मडगाव, केपे, रिवण, नेत्रावळी ही वाट सुचवतो. रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेली प्राचीन शिल्पे आहेत : बैल, हरणे, आणि एकात एक वळत जाणारे वर्तुळाकार चक्रव्यूह. तेथे सकाळी लवकर पोहोचावे, कारण तिरप्या उन्हात रेघांच्या कडेला सावली पडते आणि आकृती उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तोच कातळ कोरा वाटतो आणि पायही पोळतात. मुलांनी बोटाने दाखवून आकृती शोधाव्यात, कातळावर खडूने किंवा दगडाने रेघ ओढू नये, एवढे आधीच समजावून ठेवावे. तेथून नेत्रावळीला गोपीनाथ मंदिरासमोरची बुडबुड्यांची तळी आहे, जिच्या तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. मुले काठावर टाळ्या वाजवून पाहतात आणि अर्धा तास तेथून हलत नाहीत. त्यांना घाई करू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी चाकांतील हवा गाडी थंड असताना तपासावी, स्टेपनीतही हवा आहे ना ते पाहावे, कुलंट, ब्रेक आणि वायपर बघून घ्यावेत. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास ब्रेक तापून कमजोर पडतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. मुलांना मागे बसवून त्यांचे पट्टे लावावेत. लहानग्यांसाठी त्यांच्या वयाचे वेगळे आसन हवे. घाटात मळमळणाऱ्या मुलाने समोर दूरवर पाहावे, पुस्तक किंवा मोबाइल हातात घेऊ नये. पोट रिकामेही नसावे आणि गच्च भरलेलेही नसावे. खिडकी थोडी उघडी आणि तोंडात आवळासुपारी किंवा आल्याची वडी, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

मुलांची कामे

कामे निघण्यापूर्वीच वाटून द्यावीत आणि ती खरी असावीत. मुलांना रमवण्यासाठी काढलेले लटके काम त्यांना लगेच ओळखता येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाने खुंट्या, दोऱ्या आणि विजेऱ्या मोजून पिशवीत भरावयाच्या आणि परतताना पुन्हा मोजावयाच्या. आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे कागदी नकाशा द्यावा. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता, एवढे तिला सांगितले की पुढच्या वळणावर काय येणार हे ती घरच्यांना सांगू लागते. तिने "आता डावीकडे" म्हटले आणि ते चुकीचे ठरले, तरी धोका नसेल तर त्या रस्त्याने थोडे जाऊन यावे. बारा वर्षांपुढच्या मुलांनी तंबू उभारावा, मोठ्यांच्या देखरेखीखाली शेगडी पेटवावी, आणि दिवसाचा खर्च लिहावा. माझ्या थोरल्या बहिणीकडे पैशांचा बटवा असे. पेट्रोलपासून शहाळ्यापर्यंत सर्व पैसे तिच्या हातून दिले जात आणि रात्री कंदिलाजवळ ती हिशेब वाचून दाखवी. वडील एका शब्दाने मध्ये बोलत नसत.

आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांनाही काम हवे. रानातली फळे ओळखून दाखवणे हे त्यांच्याइतके कोणालाच जमत नाही. मे महिन्यात करवंदे, जांभळे, चुरणा आणि भिंडे मिळतात, आणि पिकलेले कोणते, कच्चे कोणते, पक्ष्यांसाठी झाडावर किती ठेवायचे, हे नातवंडांना आजीकडूनच शिकू द्यावे. ओळख पटल्यावाचून कोणतेही रानफळ तोंडात घालायचे नाही, हा नियम मात्र सर्वांना सारखा.

जेवण

पहिल्या दिवसाची शिदोरी घरूनच न्यावी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. त्यांच्याबरोबर सुकी चटणी, गूळ आणि खारातली कैरी असली की दुपारचे जेवण झाले. मासे खाणाऱ्या घरांत सुक्या सुंगटांची किसमूर नेण्याची पद्धत आहे. त्यातले सुंगट आणि खोबरे घरी वेगवेगळे भाजून वेगवेगळ्या डब्यांत न्यावे आणि जेवायला बसताना कालवावे, कारण उकाड्यात खोबरे लवकर विटते.

मुक्कामावर शिजवायचे असेल, तर खासगी जागेत मालकाच्या संमतीने, जमीन पाचोळा काढून साफ करून, लहान गॅसच्या शेगडीवर शिजवावे आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. पदार्थांत माझी पसंती कुळथाच्या पिठीला आहे. कुळथाचे भाजून दळलेले पीठ महिनोन्‌महिने टिकते, वजनाला हलके असते, आणि पातेले चढवल्यापासून पंधरा मिनिटांत जेवण तयार होते. तेलात ठेचलेली लसूण तांबूस होऊ द्यावी, चिरलेला कांदा आणि मिरची परतून पाणी ओतावे, मीठ आणि दोन-तीन कोकमे टाकावीत. पाण्याला आधण येईपर्यंत मुलाने वेगळ्या भांड्यात चार चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे, आणि मोठ्यांनी ते बारीक धारेने आधणात सोडत असताना सारखे ढवळत राहावे. पिठी वर येऊ लागली की आच मंद करावी. गरम भात, वर पिठी आणि भाजलेला पापड असे ताट रानात पुढ्यात आले की घरी नाक मुरडणारी मुलेही दुसऱ्यांदा वाढून घेतात.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर पाणी धरावे. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळूनच प्यावे. उरलेले अन्न रानात टाकू नये. त्याने माकडे आणि रानडुकरे मुक्कामाजवळ येऊ लागतात. कचरा पिशवीत भरून परत आणावा.

रात्र

तंबूची चेन सदैव बंद ठेवावी आणि पादत्राणे आत घ्यावीत. सकाळी ती झटकूनच पायांत घालावीत. फुरसे हा विषारी साप आपल्या जांभ्याच्या सड्यांवर, दगडांच्या फटींत आढळतो, म्हणून दगड उचलताना आधी काठीने हलवून पाहावेत आणि अंधारात विजेरीवाचून एक पाऊलही टाकू नये. सर्पदंश झालाच, तर दोरी आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला धीर देत तातडीने रुग्णालयात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रानात मोबाइलचा संपर्क कोठपर्यंत मिळतो आणि जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, हे दिवसा उजेडीच पाहून ठेवावे.

ही काळजी घेतली की मग रात्रीचा खरा आनंद मुलांना द्यावा. अमावास्येच्या आसपास निघण्याची सूचना मी केली, ती आकाशासाठी. मे महिन्याच्या पूर्वार्धात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की तांबूस स्वाती आणि आणखी पुढे शुभ्र चित्रा सापडते. त्याच वेळी दक्षिणेकडचे क्षितिज मोकळे असेल, तर त्याच्या थोडेसेच वर चार ताऱ्यांचा लहानसा क्रूस उभा दिसतो. तो त्रिशंकू. गोवा विषुववृत्तापासून सुमारे साडेपंधरा अंश उत्तरेला असल्यामुळे तो आपल्याला स्पष्ट दिसतो. दिल्लीच्या मुलांना तो क्षितिजाला टेकलेला, जेमतेम दिसतो. हे ऐकल्यावर मुलांना आपल्या जागेचे महत्त्व वाटते आणि ती दुसऱ्या रात्री स्वतःहून तो शोधतात. महिनाअखेरीस, वळवाच्या एक-दोन सरींनंतर, घाटपायथ्याच्या झाडांवर काजवे चमकू लागतात. त्यांच्याकडे विजेरी न लावता पाहावे आणि बाटलीत पकडू नयेत.

लहान मूल मध्यरात्री जागे होऊन घाबरले, तर त्याला गप्प करण्यापेक्षा तो आवाज कशाचा आहे ते सांगावे. रातकिड्यांचा, रातव्याचा, काजूच्या वाळल्या पानांवरून गेलेल्या मुंगुसाचा, असे नाव मिळाले की भीती बरीचशी ओसरते. आमची आजी प्रत्येक आवाजाचे नाव सांगत असे, आणि काही नावे तिने आमच्यासाठी तत्काळ रचलेली होती, हे मला फार पुढे कळले.

वही

प्रवासाची एकच वही असावी आणि ती मुलांच्या ताब्यात असावी. छायाचित्रे काढण्यास हरकत नाही, परंतु छायाचित्रात वास, चव आणि बोलणे येत नाही. तेच वहीत उतरवून घ्यावे. दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगावी आणि लिहिता येणाऱ्याने ती बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावी. धाकट्याने "काजूच्या वासाने डोके गरगरले" म्हटले, तर तसेच लिहावे, सुधारू नये. निघतानाचे आणि पोहोचतानाचे किलोमीटर, पेट्रोलचा खर्च, वाटेत कोणाच्या घरी पाणी प्यायलो, कोणत्या झाडाखाली तंबू होता, हेही लिहावे. दोन भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नोंदवाव्यात. आजी-आजोबांनी सांगितलेल्या त्यांच्या काळच्या वाटा, बैलगाडीचे मुक्काम, होडीने ओलांडलेल्या नद्या यांना त्याच वहीत मागच्या बाजूने पाने राखून ठेवावीत, कारण असे बोलणे घरच्या दिवाणखान्यात निघत नाही. गाडी घाटात हळू चालू लागली की आपसूक निघते.

परतल्यानंतर

परत आल्यावर तंबू गुंडाळून माळ्यावर टाकण्याची घाई करू नये. मे महिन्याच्या अखेरीस हवेत दमटपणा वाढलेला असतो आणि लवकरच पावसाळा सुरू होतो. किंचित ओला राहिलेला तंबू गणेशचतुर्थीपर्यंत बुरशीने काळा पडतो आणि त्याच्या शिवणींवरचा लेप चिकट होऊन सुटू लागतो. मुलांनी साध्या पाण्याने तो पुसावा, साबण आणि ब्रश वापरू नये, आणि व्हरांड्यात दोरीवर सावलीत दोन दिवस वाळू घालावा, कारण कडक ऊन कापडाला कमकुवत करते. चेनच्या दातांतील वाळू जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावी. खांब कोरड्या फडक्याने पुसून वेगळे ठेवावेत. पूर्ण वाळल्यावर तंबू घडीवर घडी न घालता सैलसर गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात भरावा आणि जमिनीपासून उंच, भिंतीला न लागेल असा ठेवावा. हरवलेल्या खुंट्या, तुटलेली दोरी, जास्त झालेले सामान आणि कमी पडलेल्या वस्तू यांची यादी त्याच वेळी करून अभ्र्यात घालावी, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये काय विकत आणायचे याचा शोध घ्यावा लागत नाही.